लाल शाईतल्या मथुरेची कहाणी

ऐका उंबरठामाई, तुमची कहाणी. बायांनो, तांदूळ मुठीत घट्ट धरा. शेजारणीच्या मुठीत चार दाणे जास्त आहेत का, ते कहाणी संपल्यावर बघा.

आटपाट म्हणतात तसं एक शहर होतं. शहरात पेठ होती, पेठेत कासाराचं दुकान होतं. कासाराचं नाव धोंडूशेट, कासारणीचं नाव मथुरा. दुकान होतं तीन पायऱ्यांचं. गिऱ्हाईक पहिल्या पायरीवर चपला काढी, दुसरीवर बसे, तिसरीवर बसलेल्या मथुरेपुढं हात करी. मथुरा हात दाबून बघे आणि मापाची बांगडी अशी चढवी की कळ म्हणून लागत नसे. खाऊनपिऊन बरं चाललं होतं. तेवढ्यावर राहिले असते तर ही कहाणी झाली नसती, आणि तुम्हीही वेळेवर घरी गेला असता.

मग काय झालं? समोरच्या कासारानं दुकानात काचेची कपाटं लावली. धोंडूशेटच्या पोटात दुखायला लागलं. आपणही लावू म्हणाला. मथुरेनंही मान हलवली, तेव्हा एकट्या नवऱ्याला बोल लावू नका. मग पहिल्या सावकाराकडून पैसे आणले, कपाटं केली. मग दुसऱ्या सावकाराकडून आणले, हिरवा चुडा भरला, चांगला तीन गाड्या. मग पहिल्याचा हप्ता आला, तो भागवायला तिसऱ्या सावकाराकडून आणले. ह्याची टोपी त्याला, त्याची टोपी ह्याला. पंचांग देव्हाऱ्याशेजारी खुंटीला टांगलेलं होतं. त्यावरची धूळ रोज झटकली जाई, पण कपाटांच्या गडबडीत ते उघडून कुणी बघितलं नाही. गाड्या दारात उतरत होत्या, तेव्हा रस्त्यानं गुरुजी चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "शेट, एवढा चुडा? सिंहस्थ लागतोय. वर्षभर लग्नाला मुहूर्त नाही."

वाणी सिंहस्थ विसरला तर चालतं, शिंपी विसरला तर चालतं. कासाराच्या घरात सिंहस्थ विसरला, बायांनो. वर्षभर कुठं मांडव पडला नाही, नवरी दुकानाची पायरी चढली नाही. सणासुदीच्या चार बांगड्यांवर तीन सावकार भागत नाहीत.

मथुरेला एक थोरली बहीण होती. तिचं नाव द्वारका, सासर तांबट आळीत. आईच्या सोन्याच्या पाटल्या द्वारकेच्या हातात होत्या, पाच तोळ्यांच्या. मथुरा तिच्याकडे गेली, म्हणाली, अक्का, पंधरा दिवसांसाठी दे. द्वारकेनं कागद मागितला नाही, साक्षीदार बोलावला नाही. हाताला तेल लावलं, पाटल्या काढल्या, पुसून दिल्या. त्या तिसऱ्या सावकाराकडे गहाण पडल्या आणि बुडाल्या. पंधरा दिवसांचं वर्ष झालं. मथुरा तांबट आळीच्या वाटेनं जाईनाशी झाली. भांडी ठोकल्याचा आवाज कानावर आला की तिचं पाऊल आपोआप दुसरीकडे वळे.

मग जप्ती आली. दवंडी पिटली, कपाटं गेली, चुडा गेला, तीन पायऱ्या गेल्या. तरी तिन्ही सावकारांचं थोडं थोडं उरलंच. त्या शहरात एक मोठी वही होती, ती पेढ्यापेढ्यांतून फिरे. कुणी किती घेतलं, किती फेडलं, किती बुडवलं, ते सगळं त्या वहीत. फेडणाऱ्याचं नाव काळ्या शाईत, बुडवणाऱ्याचं लाल शाईत. मथुरेचं आणि धोंडूशेटचं नाव लाल शाईत गेलं.

मग वाणी तिचं नाणं दगडावर आपटून बघू लागला. मग गवळी आधी पैसे आणि मग माप असं करू लागला. मग हळदीकुंकवाला ती दारात दिसली की घरची बाई चांदीची अत्तरदाणी उचलून आत ठेवू लागली. हसू नका. मथुरेचं नाव लाल शाईत गेलं म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या चौघींनी पिशव्या मांडीवर घेतल्या, मी बघितलं.

दोघं भीमाकाकूंच्या माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आली. धोंडूशेट दुसऱ्याच्या दुकानात चाकरीला लागला, मथुरा बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरू लागली. भीमाकाकूंचे नियम होते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. श्रावणात जिवतीचा कागद डकवायचा नाही, खळीचे डाग राहतात. उंबरठ्याला हळदकुंकू लावायचं नाही, लाकूड रंगतं. महिन्याच्या महिन्याला काकू येत, भिंतींवरून हात फिरवीत आणि जुने खिळे मोजून जात.

असं होता होता काकू एके दिवशी महिना भरायच्या आधीच आल्या. म्हणाल्या, माझा मुलगा पुढच्या अक्षय्यतृतीयेला परमुलखातून येतोय, तेव्हा ह्या खोल्या विकायच्या. तुम्हाला घ्यायच्या तर पैसे उभे करा, नाहीतर त्या दिवशी सामान बाहेर. मथुरा घाबरली. लाल शाईच्या माणसांना दुसरी खोली कोण देणार? आणि एवढे पैसे आणायचे कुठून?

मग ती राजपेढीत गेली. म्हणाली, घर घ्यायचंय, घरच गहाण ठेवा आणि कर्ज द्या. कारकुनानं वही उघडली, नाव बघितलं, वही मिटली. मग ती नगरपेढीत गेली. तिथल्या कारकुनानं वही उघडली, नाव बघितलं, आणि आपली दौत जवळ ओढून घेतली. मग ती घाटावरच्या धाकट्या पेढीत गेली. तिथं जाड चष्म्याचे गोपाळतात्या बसले होते. त्यांनी वही उघडली ती मिटली नाही. बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "आधी ह्यांचं फेडून या. फेडल्याचे कागद आणा. किमतीचा चौथा हिस्सा गाठीला बांधा. मग बसून बोलू."

मथुरेला वाटलं, हीसुद्धा नाही म्हणायची एक रीत. घरी आली आणि डोक्याला हात लावून बसली.

एवढ्यात गुंडोपंत आले. गुंडोपंत म्हणजे दलाल, स्वच्छ धोतर, बोलणं गोड. मथुरेला ताई म्हणाले. मी लाल शाई पुसून देतो म्हणाले, वहीवाला माझ्या ओळखीचा आहे, थोडा खर्च येईल. मथुरेनं पेटीतल्या बांगड्या विकून विकून जमवलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले. आठ दिवसांनी गुंडोपंतांनी वहीच्या पानाची नक्कल आणून दिली. तिच्यावर दोघांची नावं काळी कुळकुळीत. मथुरा ती घेऊन नगरपेढीत गेली. कारकुनानं खरी वही काढली, पान शेजारी धरलं. खऱ्या वहीत नावं लालच होती. कारकुनानं लेखणी बुडवली आणि त्या नावांपुढं आणखी एक ओळ लिहिली, खोटा कागद आणला म्हणून. तीही लाल. गुंडोपंत पेठेत कुणाला दिसले नाहीत.

त्यानंतर मथुरा सगळ्यांकडेच वाकड्या नजरेनं बघू लागली. कुणी गोड बोललं की पैसे चाचपी. कुणी हसलं की दार लावून घेई.

पुढच्या शुक्रवारी, ऐन दुपारी, दारात एक म्हातारी उभी राहिली. लुगडं जुनं, कुंकू मोठं, हात रिकामे. म्हणाली, बाई, बांगड्या भर. मथुरेनं दाराची कडी काढली नाही, फटीतूनच हात पुढं करायला सांगितलं. तिनं हात दाबून बघितला आणि दचकली. कासारीण हातावरून माणूस ओळखते. हा हात लहानही नव्हता, मोठाही नव्हता. मुलीची बांगडी घातली, ती बसली. बाईची घातली, ती बसली. पैलवानाच्या आईची घातली, तीही बसली. मथुरेच्या मनात आलं, ही काहीतरी चलाखी आहे.

म्हातारी म्हणाली, पैसे आता नाहीत, पुढच्या अक्षय्यतृतीयेला देईन, आणि त्याबद्दल तुला एक वसा सांगेन.

"मला वसा नको," मथुरा म्हणाली. "तुझी दलाली किती, ते आधी सांग."

"दलाली नाही. एक जोड बांगड्यांची उधारी आहे. तू लोकांची ठेवलीस, आता एकदा कुणाला देऊन बघ."

मथुरेला हे लागलं. बांगड्या हातात चढल्याच होत्या, काढायच्या तर फुटायच्या. नाइलाजानं विचारलं, वसा कसला? म्हातारी म्हणाली, तुला सांगून काय उपयोग, कंटाळशील, अर्ध्यावर सोडशील. मथुरा म्हणाली, कंटाळणार नाही, अर्ध्यावर सोडणार नाही, सांगायचं तर सांग.

मग म्हातारीनं वसा सांगितला. शुक्रवारी उठावं, न्हावं, आपल्या उंबरठ्याला हळदकुंकू लावावं. ज्याचं देणं असेल त्याच्या उंबरठ्यावर जावं. आत जाऊ नये, बसू नये, पाणी मागू नये. बाहेर उभं राहून मोठ्यानं म्हणावं, मी तुमचं इतकं लागते. आकडा सांगावा. जमेल तेवढं ठेवावं आणि चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवावी. नवं उसनं करू नये. पुरतं फिटलं की तसा कागद मागून घ्यावा. एकही उंबरठा गाळू नये. एवढं झालं की मग घर मागावं.

एवढं सांगून म्हातारी गेली. मथुरेनं आधी पेटीतल्या बांगड्या मोजल्या. म्हातारीची एक जोड सोडून सगळ्या होत्या.

मथुरेचा विश्वास बसला नव्हता. पण पैसे मागत नाही असा दलाल तिनं पहिल्यांदाच बघितला होता, आणि गोपाळतात्याही तेच म्हणाले होते. पहिल्या शुक्रवारी ती उठली, न्हाली, भाड्याच्या उंबरठ्याला चोरून हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, आणि भीमाकाकू उठायच्या आत ओल्या पदरानं पुसून टाकलं. मग निघाली.

पहिल्या सावकाराच्या उंबरठ्यावर गेली. मोठ्यानं म्हणाली, मी तुमचं इतकं लागते. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. सावकारानं पैसे घेतले, तीनदा मोजले, दिव्यापुढं धरले, मग चिठ्ठी दिली. दुसऱ्या सावकाराच्या उंबरठ्यावर गेली. त्यानं कुत्रं सोडलं. ती पायरीवर चढली, पण गेली नाही, तिथूनच आकडा सांगितला. तिसऱ्या सावकाराच्या उंबरठ्यावर गेली. तो म्हणाला, आज देतेस म्हणजे उद्या मोठं काहीतरी मागायला येणार, मी तुला ओळखून आहे.

तांबट आळीकडे मात्र ती गेली नाही. मनात म्हणाली, अक्काचं देणं कुठल्या वहीत नाही, त्याला कागद नाही, साक्ष नाही. घरचं आहे, पुढं बघू.

सिंहस्थ सुटला. वर्षभर तुंबलेली लग्नं धडाधड लागायला लागली. एकेका घरी सकाळपासून चुडा भरताना मथुरेची बोटं सुजून येत. धोंडूशेटनं यंदा पंचांग पाठ केलं होतं, कुठल्या तिथीला किती मांडव ते झोपेतून उठवलं तरी सांगे. शुक्रवार आला, शुक्रवार गेला. आषाढ गेला, श्रावण गेला, दिवाळी झाली. देव्हाऱ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला. पहिल्यानं फिटल्याचा कागद दिला. दुसऱ्यानं दिला, कुत्रं आता तिला ओळखून शेपटी हलवी. तिसऱ्याचं देणं वहीत चुकून दोन ठिकाणी लिहिलं गेलं होतं. मथुरेनं चिठ्ठ्या पसरून दाखवल्या, एक ओळ खोडून घेतली आणि त्याचाही कागद घेतला. किमतीचा चौथा हिस्साही डब्यात जमला.

पौष महिन्यात तिन्ही कागद घेऊन मथुरा गोपाळतात्यांकडे गेली. तात्यांनी कागद उजेडाला धरले, शिक्के बोटानं घासून बघितले, वहीतली खोट्या कागदाची ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा काढून विचारलं, ह्या तिघांशिवाय आणखी कुणाचं देणं आहे?

"कुणाचं नाही," मथुरा म्हणाली.

तात्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, आमच्या पेढीची एक रीत आहे. काळ्या शाईच्या माणसाला कुणीही जामीन चालतो. लाल शाईच्या माणसाला जामीन लागतो तो त्यानं बुडवलेल्यांपैकीच. ज्याला एकदा चटका बसलाय, तो हो म्हणाला तर आम्ही हो म्हणू.

मथुरा पहिल्या सावकाराकडे गेली. तो म्हणाला, फिटल्याचा कागद दिलाय, त्यावर आणखी काय हवं? दुसऱ्याकडे गेली. तो म्हणाला, कुत्र्याला विचार. तिसऱ्याकडे गेली. तो म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं?

ती हात हलवीत परत आली. शुक्रवारी उंबरठ्याला कुंकू लावलं, ते ठरेना, गळून पडलं. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावलं, पुन्हा पडलं. मथुरेला वाटलं, कुंकवात भेसळ आहे. जाऊन वाण्याशी भांडली. वाण्यानं त्याच पुडीतलं कुंकू तिच्यादेखत आपल्या चौकटीला लावलं, ते घट्ट बसलं.

परत येते तर दारात गुंडोपंत. धोतर तेवढंच स्वच्छ. ताई, जामीन मिळत नाही असं ऐकलं, म्हणाले. माझ्याकडे एक माणूस आहे. तो येऊन सांगेल, बाईंनी मला बुडवलं होतं आणि आता माझा भरवसा बसलाय. थोडा खर्च येईल. मथुरा ओरडायची, पण ओरडली नाही. बायांनो, खरं सांगते, तिचा हात डब्याकडे गेला. अक्षय्यतृतीया तीन महिन्यांवर आली होती. डब्याचं झाकण निघालंही होतं, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बोललं.

"ह्या माणसाला खोटा बुडालेला आणायला पैसे देतेस. खरी बुडालेली तुला फुकट आहे की."

उंबरठ्यापलीकडे म्हातारी उभी होती. हातात त्याच बांगड्या, एकही टिचलेली नव्हती. गुंडोपंतांनी तिच्याकडे बघितलं मात्र, चपला हातात घेऊन जिना उतरले. मथुरा चिडली होती, रडकुंडीलाही आली होती. म्हणाली, सगळं केलं, वर्षभर केलं, तरी कुंकू पडतं, तुझाच वसा खोटा. म्हातारी म्हणाली, उंबरठा गाळलास.

मथुरा म्हणाली, त्याला कागद नव्हता. म्हातारी म्हणाली, कागद मागितला नाही म्हणूनच ते देणं सगळ्यांत आधीचं. आणि कुठं गेली ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मथुरा पेढीत गेली आणि तात्यांना म्हणाली, चौथी आहे, माझी सख्खी बहीण. तात्यांनी विचारलं, त्या दिवशी का सांगितलं नाही? ती म्हणाली, लाज वाटली. तात्यांनी बहिणीचं नाव, आळीचं नाव लिहून घेतलं. म्हणाले, चौकशी मी स्वतः करीन. कधी ते सांगणार नाही.

मग माघातल्या पहिल्या शुक्रवारी मथुरा तांबट आळीत गेली. दोन्ही बाजूंना तांबट भांडी ठोकत होते. द्वारकेच्या उंबरठ्यावर उभी राहिली तर दार बंद. दोन वर्षांपूर्वी ह्याच दारातून ती पाटल्या पदरात बांधून गेली होती. ठोकठोकीत आवाज पोचेना म्हणून तिला ओरडूनच सांगावं लागलं. म्हणाली, अक्का, मी तुझ्या पाच तोळ्यांच्या पाटल्या लागते. सगळ्या आळीनं हातोड्या थांबवल्या. दार उघडलं नाही. मथुरेनं पैसे उंबरठ्यावर ठेवले आणि परत आली. वाटेत तिला हुंदका आवरला नाही. घरी येऊन उंबरठ्याला कुंकू लावलं. ते बसलं.

दुसऱ्या शुक्रवारी दार चार बोटं उघडलं. आतून द्वारका म्हणाली, "आता काय मागायला आलीस?" मथुरा म्हणाली, काही नाही, इतकं लागते, इतकं आणलंय. जामिनाचं तिनं काढलं नाही. ते काढलं असतं तर दार पुन्हा मिटलं असतं, आणि मिटायलाच हवं होतं. तिसऱ्या शुक्रवारी दार पुरतं उघडलं. द्वारका समोर बसली, पैसे मोजले, नाणं आपटून बघितलं, चिठ्ठी लिहून दिली. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. तिच्या हातात काचेच्या दोन दोन बांगड्या होत्या.

माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र लागला. बाराव्या शुक्रवारी मथुरा आळीत शिरली तर द्वारकेचं दार उघडं, आणि आत पाटावर गोपाळतात्या. वसा असा की आत जायचं नाही, म्हणून ती बाहेरच भिंतीला टेकून उभी राहिली. आतलं बोलणं सगळं ऐकू येत होतं.

तात्या म्हणाले, तुमच्या बहिणीला कर्ज द्यावं का? तिचा भरवसा आहे का, जामीन राहाल का?

द्वारका म्हणाली, "नाही. पंधरा दिवसांसाठी म्हणून माझ्या पाटल्या नेल्या, त्या अजून यायच्यात."

तात्यांनी लेखणी दौतीत बुडवली. बाहेर मथुरेनं डोळे मिटले. मनात म्हणाली, खरं तेच बोलली, बोलू दे.

"मग नाही लिहू?"

"लिहायची घाई करू नका. पहिल्या शुक्रवारी मी दार उघडलं नाही, तरी पैसे ठेवून गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी येते. मी दर वेळी मोजते, कमी निघतील म्हणून वाट बघते. निघत नाहीत. तिचा भरवसा नाही मला, पण शुक्रवारचा आहे. जामीन म्हणून माझं नाव लिहा."

तात्यांनी नाव लिहिलं. व्याज मात्र काळ्या शाईवाल्यांपेक्षा थोडं जास्त लावलं. पहिलं वर्ष बघू, म्हणाले, सुधारलात तर कमी करू. साठ हप्ते ठरले. घर पेढीकडे गहाण राहिलं. मथुरेनं गहाणखताची ओळ न् ओळ वाचून घेतली, दोनदा. तात्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी घाई केली नाही.

अक्षय्यतृतीया आली. भीमाकाकूंचा मुलगा आला, पैसे मिळाले, दोन खोल्या मथुरेच्या आणि धोंडूशेटच्या नावावर झाल्या. सकाळी मथुरा उठली, न्हाली, दार उघडलं. उंबरठ्यावर नाणी ठेवलेली होती. एका बांगड्यांच्या जोडीची किंमत, ना कमी ना जास्त. मथुरा समजली. तरी सवयीनं एक नाणं दगडावर आपटून बघितलं. खणखणीत वाजलं. मग तिनं हात जोडले, उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, आणि पदर भिजवायला उठली. उठली ती तशीच उभी राहिली. आता पुसायचं नव्हतं.

सवाष्णी आल्या. भीमाकाकूही आल्या. आल्या आल्या भिंतीवरून हात फिरवला, एक नवा खिळा सापडला, तोंड उघडलं, मग आठवलं आणि गप्प बसल्या. सगळ्यांत शेवटी द्वारका आली. उंबरठ्याबाहेर थांबली. मथुरा म्हणाली, अक्का, आत ये. द्वारका हलली नाही.

"आधी म्हण," ती म्हणाली.

घर भरलेलं होतं. भीमाकाकू होत्या, पेठेतल्या बाया होत्या, अत्तरदाण्या लपवणाऱ्या होत्या. मथुरा उंबरठ्याच्या आत उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अक्का, मी तुझ्या पाटल्या बुडवल्या. पाच तोळ्यांतले चार तोळे अजून लागते."

"शुक्रवारी ये," द्वारका म्हणाली, आणि उंबरठा ओलांडून आत आली.

मग मथुरेनं तिला समोर बसवलं, पेटी उघडली, तिचा हात हातात घेऊन दाबला. माप एका बोटानं उतरलं होतं. दोन वर्षांत तो हात काय काय काम करून वाळला, ते कासारणीला सांगावं लागत नाही. मथुरेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तशीच ती बांगड्या भरत राहिली. पुढं हिरव्या भरल्या, मागं हिरव्या भरल्या, आणि मध्ये पाटल्यांपुरती जागा मोकळी सोडली.

जसा मथुरेला उंबरठामाईनं स्वतःचा उंबरठा दिला, तसा तुम्हाआम्हाला देवो. घरात कुणाच्या हातावर अशी मोकळी जागा असेल, तर शुक्रवारची वाट न बघता तिकडे जायची बुद्धी देवो. साठ हप्त्यांची ही कहाणी पाच बोलांत फिटली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता मुठी उघडा, आणि तांदूळ उंबरठ्यावर वाहा.